‘पायरेट्सना फ्री एजंट परवडत नाहीत’ : एका जुन्या समजुतीचा प्रतिवाद

पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा २०२५ चा हंगाम ७१ विजय आणि ९१ पराभवांवर संपला, आणि दर हिवाळ्यात फिरणारे एक विधान पुन्हा जिकडेतिकडे वाचायला मिळू लागले. त्याचा आशय असा : पिट्सबर्ग लहान शहर आहे आणि मेजर लीग बेसबॉलमध्ये संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा नाही, म्हणून लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या पैशापुढे या संघाचा निभाव लागणे शक्य नाही. चांगले फ्री एजंट, म्हणजे करारातून मोकळे झालेले खेळाडू, इथे यायला तयार नसतात आणि जे येतात त्यांच्यावरचा पैसा वाया जातो. तेव्हा हिवाळ्याकडून काही अपेक्षा न ठेवता मायनर लीगमधली (खालच्या स्तरावरच्या स्पर्धांतली) आपली मुले तयार होईपर्यंत थांबावे, आणि संघाचा अव्वल तरुण पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) पॉल स्कीन्स पुढेमागे जाणारच असल्याने त्याला आत्ताच दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात तरुण खेळाडू घ्यावेत.

हे विधान करणाऱ्यांत संघावर मनापासून प्रेम करणारे लोकही आहेत, आणि १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षे विजयांपेक्षा पराभव अधिक पाहिलेल्या शहरात ही निराशा कुठून येते हे मला कळते. तरीही या विधानातला जवळजवळ प्रत्येक दुवा कच्चा आहे, आणि तो तसाच स्वीकारला जात असल्याने मालकांना जो प्रश्न विचारला जायला हवा तो विचारलाच जात नाही, असे माझे मत आहे.

बेसबॉल फारसा न पाहणाऱ्यांसाठी आधी एक खुलासा. मेजर लीगमध्ये ६ वर्षांची सेवा पूर्ण झालेला खेळाडू करार संपताच कोणत्याही संघाशी बोलणी करायला मोकळा होतो; त्यालाच फ्री एजंट म्हणतात. आयपीएलमध्ये खेळाडूंवर खर्च करायला प्रत्येक संघाला सारखीच, ठरवून दिलेली रक्कम असते. इथे तसे नाही : ठरावीक आकड्यापलीकडे खर्च करणाऱ्या संघाला कर भरावा लागतो, पण खर्चाला मनाई नाही. म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्स हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर देऊ शकले. पायरेट्स असा करार करू शकणार नाहीत, हे खरेच आहे, आणि त्याबद्दल वाद घालण्याचे कारणही नाही. वाद आहे तो या एका खऱ्या गोष्टीवरून काढलेल्या निष्कर्षांबद्दल.

पहिला निष्कर्ष लहान शहराचा. कॅन्सस सिटी हे काही न्यूयॉर्क नव्हे. तिथला रॉयल्स संघ २०२३ मध्ये १०६ सामने हरला होता, आणि त्याच हिवाळ्यात त्याने पिचर सेथ लुगोशी ३ वर्षांसाठी ४ कोटी ५० लाख डॉलरचा आणि मायकेल वाकाशी २ वर्षांसाठी ३ कोटी २० लाखांचा करार केला, शिवाय आणखी काही अनुभवी खेळाडू घेतले. बॉबी विट ज्युनिअर हा त्यांचा तरुण, घरचा तारा होता. त्याच्याभोवती आत्ताच संघ उभा केला पाहिजे, असा हिशेब त्यामागे होता. २०२४ मध्ये रॉयल्सनी ८६ सामने जिंकून प्लेऑफ गाठली आणि लुगो अमेरिकन लीगच्या (नॅशनल लीग आणि ही, अशा मेजर लीगच्या दोन शाखा आहेत) साय यंग पुरस्काराच्या, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या, मतदानात दुसरा आला. मिलवॉकीची बाजारपेठ तर मेजर लीगमध्ये सर्वांत लहान. तरीही तिथल्या ब्रुअर्सनी जानेवारी २०१८ मध्ये लोरेन्झो केनला ५ वर्षांसाठी ८ कोटी डॉलर देऊ केले आणि त्याच वर्षी ते नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत सातव्या सामन्यापर्यंत पोहोचले. उलट मेट्सनी २०२३ मध्ये तोवरचा सर्वांत मोठा पगारखर्च करून फक्त ७५ सामने जिंकले, आणि २०२५ मध्ये सोटो असूनही त्यांना प्लेऑफ गाठता आली नाही.

पैसाच नाही, या दाव्याकडे मात्र जरा थांबून पाहायला हवे, कारण त्याची मुळे १९९२ मध्ये आहेत. त्या आधीच्या हिवाळ्यात पायरेट्सचा फलंदाज बॉबी बोनिया मेट्सकडे गेला होता. १९९२ चा हंगाम संपल्यावर संघाचा सर्वांत मोठा तारा बॅरी बाँड्सने सॅन फ्रान्सिस्कोशी ६ वर्षांसाठी ४ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरचा करार केला, आणि पायरेट्सची ती २० वर्षांची पडझड सुरू झाली. त्या काळी ‘आम्हाला परवडत नाही’ या म्हणण्यात बरेच तथ्य होते. पण नियम तेव्हाचे राहिलेले नाहीत. १९९६ च्या करारापासून संघांमध्ये उत्पन्नाची वाटणी सुरू झाली. आजच्या व्यवस्थेत प्रत्येक संघ आपल्या निव्वळ स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के हिस्सा एका सामाईक निधीत टाकतो आणि तो निधी तिसही संघांत समान वाटला जातो. देशभरच्या प्रक्षेपणाचे हक्क विकून येणारा पैसाही सर्वांना समान मिळतो. म्हणजे लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाच्या तिकीटविक्रीतला काही भाग दरवर्षी पिट्सबर्गला पोहोचतो, आणि तो पोहोचावा असे ठरवण्यामागचा हेतूच मुळी मैदानावरचा संघ सुधारावा हा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने पायरेट्ससह चार संघांविरुद्ध जी तक्रार दाखल केली, ती नेमकी हा पैसा त्या कामासाठी वापरला जात नाही अशीच होती. तक्रार म्हणजे सिद्ध झालेला दोष नव्हे. पण पैसा येतच नाही असे म्हणणाऱ्याने ती तक्रार कशाबद्दल होती हे तरी पाहावे.

नियमांचे झुकते मापही लहान संघांकडेच आहे. जुन्या संघाने देऊ केलेला एका वर्षाचा ‘क्वालिफाइंग ऑफर’ नाकारून बाहेर पडलेल्या खेळाडूला जो संघ घेतो, त्याला नवोदितांच्या निवडीतल्या संधीच्या रूपाने किंमत मोजावी लागते. जादा खर्चाचा कर भरणाऱ्या श्रीमंत संघाच्या हातून अशा दोन संधी जातात आणि परदेशी नवोदितांसाठी राखलेली रक्कमही कमी होते. उत्पन्नाच्या वाटणीतून पैसे मिळवणाऱ्या संघाची मात्र फक्त तिसऱ्या क्रमांकाची संधी जाते. तोच खेळाडू लॉस एंजेलिसला जितका महाग पडतो तितका पिट्सबर्गला पडत नाही, हे या चर्चेत क्वचितच कोणी सांगते.

शिवाय उत्पन्न ही काही दगडावर कोरलेली रेघ नाही. २०१० मध्ये १०५ सामने हरलेल्या पायरेट्सचा खेळ पाहायला हंगामभरात सुमारे १६ लाख लोक आले होते. २०१५ मध्ये, ९८ विजयांच्या वर्षी, हाच आकडा सुमारे २५ लाखांवर गेला, जो या संघाच्या इतिहासातला उच्चांक आहे. शहर तेच होते आणि मैदानही तेच होते.

आता ‘चांगले खेळाडू येतच नाहीत’ या मुद्द्याकडे वळतो. माझ्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, कारण त्याचे उत्तर पिट्सबर्गच्या लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

१ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री २१ वर्षांनंतर पायरेट्स प्लेऑफचा सामना खेळत होते. समोर सिनसिनाटीचा जॉनी क्वेटो पिचिंग करत होता आणि काळे कपडे घालून आलेले प्रेक्षक त्याचे नाव लांबवून, एकासुरात पुकारत होते. त्या गजरात क्वेटोच्या हातून चेंडू खाली पडला, आणि त्याच्या पुढच्याच चेंडूवर पायरेट्सच्या रसेल मार्टिनने होम रन (षटकारासारखा थेट कुंपणापलीकडचा फटका) मारला. मार्टिनने त्या रात्री आणखी एक होम रन मारला. पायरेट्सच्या बाजूने फ्रान्सिस्को लिरिआनोने सामन्याच्या ९ पैकी ७ डावांत पिचिंग करून एकच धाव दिली, आणि सामना ६-२ असा जिंकला गेला. मार्टिन आणि लिरिआनो, दोघेही त्याआधीच्या हिवाळ्यात आलेले फ्री एजंट होते. मार्टिन तर न्यूयॉर्क यँकीज सोडून आला होता, २ वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलरवर. सलग २० वर्षे हरलेल्या संघाकडे जर तो येऊ शकतो, तर जगातला सर्वोत्तम तरुण पिचर ज्या संघात आहे त्या संघाकडे कोणी येणार नाही, हे कशाच्या आधारावर म्हणायचे?

लिरिआनोच्या आधीच्या वर्षांत त्याची लय हरवली होती. पिट्सबर्गमध्ये ती परत सापडली आणि २०१३ मध्ये तो नॅशनल लीगमध्ये सर्वोत्तम पुनरागमन करणारा खेळाडू ठरला. पुढच्याच हिवाळ्यात आलेला पिचर एडिन्सन व्होल्केझ याच्या बाबतीतही तसेच घडले. पायरेट्सच्या पीएनसी पार्कचे डावीकडचे मैदान खोल आहे, डाव्या-मध्य कोपऱ्यात कुंपण ४१० फुटांवर जाते. पिचरला अशी जागा हवीच असते. उजव्या बाजूला मात्र कुंपण कोपऱ्यात ३२० फुटांवर आहे आणि तिथली भिंत संघाचा महान खेळाडू रोबेर्तो क्लेमेंटे याच्या जर्सीवरच्या २१ क्रमांकाच्या स्मरणार्थ २१ फूट उंच बांधलेली आहे. उजव्या हाताच्या मोठ्या फलंदाजाने या मैदानाबद्दल दोनदा विचार केला तर ते समजण्यासारखे आहे. पण डावखुऱ्या फलंदाजाचे जोरकस फटके उजवीकडे जातात. त्याच्यासाठी हे मैदान अडचणीचे नाही. राज्याच्या आयकराचा विचार केला तर पेन्सिल्व्हेनियात तो सरसकट ३.०७ टक्के आहे, कॅलिफोर्नियात तो १३.३ टक्क्यांपर्यंत जातो. खेळाडूचा एजंट हा हिशेब नक्कीच करतो.

आणि लोक खरोखरच आलेले आहेत. २०२४ साठी पिचर अॅरोल्डिस चॅपमन १ कोटी ५ लाख डॉलरवर आला. संघाचा जुना तारा अँड्र्यू मॅककचन २०२३ मध्ये स्वतःच्या इच्छेने घरी परतला. अडचण अशी की हे करार एकेका वर्षाचे असतात. डिसेंबर २०१६ मध्ये पिचर इव्हान नोव्हाशी ३ वर्षांसाठी २ कोटी ६० लाखांचा करार झाला, आणि त्यानंतर २०२५ चा हंगाम संपेपर्यंत पायरेट्सनी एकाही फ्री एजंटला एकापेक्षा अधिक वर्षांचा करार दिला नाही. ज्या घरी आपल्याला वर्षभरापुरतेच ठेवून घेणार हे आधीच ठाऊक आहे, तिथे पाहुणा मन रमवत नाही. खेळाडू नाकारतात असे म्हणण्यापूर्वी त्यांच्यापुढे नेमके काय ठेवले गेले होते, हे विचारले पाहिजे.

पैसा वाया जातो, या आक्षेपाला पिट्सबर्गमध्ये एक नाव आहे : डेरेक बेल. २००१ पासूनच्या दोन हंगामांसाठी त्याला ९७ लाख ५० हजार डॉलर दिले गेले. पहिल्या वर्षी त्याची फलंदाजीची सरासरी अवघी .१७३ राहिली आणि दुसरा हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्याला सोडून द्यावे लागले. हे उदाहरण खरे आहे, आणि मोठ्या संघाला एक चूक जितकी सहज पचते तितकी लहान संघाला पचत नाही, हेही मी मान्य करतो. पण त्यातून धडा निघतो तो निवड नीट करण्याचा. बेलचे नाव २५ वर्षे लक्षात ठेवणाऱ्यांनी मार्टिनचेही ठेवावे. शिवाय स्वतःच्या खेळाडूंशी लांबचे करार करताना हा संघ कचरलेला नाही : ब्रायन रेनॉल्ड्सला ८ वर्षांसाठी १० कोटी ६७ लाख ५० हजार आणि मिच केलरला ५ वर्षांसाठी ७ कोटी ७० लाख डॉलर याच मालकांनी दिले. म्हणजे वर्षाला दीड कोटी डॉलरची जबाबदारी पेलण्याची ताकद आहे. ती बाहेरच्या खेळाडूसाठी वापरायची की नाही, हा निर्णय आहे; निरुपाय नव्हे.

मुलांची वाट पाहण्याचा सल्ला आणि स्कीन्सला देऊन टाकण्याचा सल्ला मी एकत्रच घेतो, कारण दोन्ही एकाच आकड्यापाशी अडतात. २०२५ मध्ये स्कीन्सने दर ९ डावांमागे सरासरी अवघ्या १.९७ धावा दिल्या आणि तो एकमताने नॅशनल लीगचा साय यंग विजेता ठरला. त्याच्या नावावर विजय १० आणि पराभवही १०. त्याच्या संघाने संपूर्ण मेजर लीगमध्ये सर्वांत कमी होम रन मारले, फक्त ११७. एवढ्या उत्तम पिचरच्या वाट्याला असा हिशेब येतो तेव्हा दुखणे कुठे आहे हे शोधावे लागत नाही. कॉनर ग्रिफिनसारखा तरुण फलंदाज मोठा होईल अशी मलाही आशा आहे, पण तरुण फलंदाजाला मेजर लीगच्या पिचिंगची सवय व्हायला वेळ लागतो. स्कीन्स २०२९ च्या हंगामानंतर फ्री एजंट होईल. २०२५ मध्ये त्याचा मूळ पगार १० लाख डॉलरपेक्षा कमी होता. जो पिचर खुल्या बाजारात वर्षाला काही कोटी डॉलर मिळवील, तो २०२५ मध्ये जवळजवळ किमान पगारावर खेळत होता. तेव्हा वाचलेला तो पैसा फलंदाजीवर लावण्याची वेळ हीच आहे. त्याला विकून मिळणारी मुले तयार होण्यात याच चार वर्षांतला मोठा भाग निघून जाईल.

मग २०२५ च्या हंगामानंतरच्या हिवाळ्यात वास्तव अपेक्षा काय ठेवायला हवी होती? काइल श्वार्बरने २०२५ मध्ये ५६ होम रन मारले. तो डावखुरा आहे, या मैदानाला साजेसा आहे, आणि त्याच्यासाठी प्रस्ताव ठेवायला हरकत नव्हती, पण संघाचे सगळे नियोजन त्याच्यावर टांगून ठेवायला नको होते. त्याच्या एक पायरी खाली बाल्टिमोर आणि सॅन डिएगोकडून खेळलेला रायन ओ’हर्न होता, जो २०२५ मध्ये निवडक ताऱ्यांच्या ऑल-स्टार सामन्यात सुरुवातीपासून खेळला आणि तोही डावखुराच आहे. अशा ३०-३२ वर्षांच्या फलंदाजाला ३ वर्षांची हमी दिली असती, तर इतर संघांच्या २ वर्षांच्या प्रस्तावापुढे पिट्सबर्गचे पारडे जड होऊ शकले असते. ते तिसरे वर्ष कदाचित फायद्याचे ठरले नसते. मार्टिनला आणताना जी किंमत मोजली, तिचेच हे आजचे रूप आहे.

कोणत्याही फ्री एजंटला पायरेट्सनी आजवर दिलेली सर्वांत मोठी रक्कम ३ कोटी ९० लाख डॉलर आहे, आणि ती डिसेंबर २०१४ मध्ये लिरिआनोला परत आणण्यासाठी दिली गेली होती. मालक बॉब नटिंग आणि जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन यांना विचारायचा प्रश्न एवढाच की तेव्हापासून सगळ्या संघांचे उत्पन्न आणि सगळ्या खेळाडूंचे भाव वाढले असताना हा एकच आकडा जिथल्या तिथे का राहिला आहे.