खुलासा : ‘क्वेकर’ अनुदान ओट्स कंपनीचं नाही

‘क्वेकर ओट्स कंपनी तरुणांना अनुदान देते, कोणीही अर्ज करा’ असा मजकूर विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

ही छोटी अनुदानं क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या संस्था देतात. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी उभा केलेला हा पंथ. कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही; तिथे १८७७ पासून फक्त नाव आणि चित्र वापरात आहे.

खरं उदाहरण अमेरिकेतल्या क्लॅरेन्स आणि लिली पिकेट यांच्या नावाच्या निधीचं. क्लॅरेन्स पिकेट १९२९ ते १९५० ‘अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी’ या क्वेकरांच्या मदतसंस्थेचे कार्यकारी सचिव होते. याच कमिटीला १९४७ साली ब्रिटनमधल्या क्वेकर संस्थेसोबत शांततेचं नोबेल मिळालं. हा निधी क्वेकरांमधल्या नव्या नेतृत्वाला हातभार लावतो. परदेशातल्या पदवीचा खर्च त्यातून निघत नाही.

अशी मदत मागणारा तरुण सहसा आपल्या गावच्या क्वेकर मंडळीत, म्हणजे उपासनेसाठी जमणाऱ्या समुदायात, रुजलेला असतो. मोठा निर्णय घेण्याआधी तो ‘क्लिअरनेस कमिटी’ बोलावू शकतो : त्या समुदायातले चार-पाच जण त्याच्यासोबत शांत बसतात, सल्ला देत नाहीत, फक्त प्रश्न विचारतात. मला ही पद्धत पैशांहून मोलाची वाटते.

त्यामुळे त्या मेसेजमधल्या लिंकवर आधार क्रमांक देऊ नका, ‘नोंदणी शुल्क’ भरू नका. ज्या ग्रुपवर तो आला असेल, तिथे हा खुलासाही टाका.