बादली-मग आहे का, एवढंच विचारलं

नागपुरात अजब बंगल्याच्या, म्हणजे आमच्या मध्यवर्ती संग्रहालयाच्या आसपास बऱ्यापैकी हॉटेल हवंय? शोधा बापा. मी शोधून थकलो, आता तुमची पाळी.

बऱ्यापैकी म्हणजे काय ते आधीच सांगतो, नाहीतर कोणीतरी शहाणा वर्धा रोडवरच्या महागड्या हॉटेलांची यादी पाठवेल. रात्रीचे अडीच-तीन हजार द्यायची तयारी आहे. त्यात स्वच्छ चादर, उघडणारी खिडकी, चालू लिफ्ट, सकाळी गरम पाणी आणि रात्री झोप. संपली मागणी. स्विमिंग पूल नको, रूफटॉप लाउंज नको, उशीवर टॉवेलचे हंस तर अजिबात नकोत.

हे सगळं आत्या आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे मामाजी, यांच्यासाठी. डोंबिवलीहून येताहेत. मामाजी इतिहासाचे निवृत्त मास्तर, त्यांना अजब बंगल्यातले शिलालेख, ताम्रपट, नाणी असं सगळं निवांत बघायचंय. 1863 सालचं संग्रहालय आहे, एका तासात उरकायची गोष्ट नाही. बालाघाटकडच्या गुंगेरियाला 1870 मध्ये जमिनीतून तांब्याच्या हत्यारांचा मोठा साठा निघाला होता, त्यातला काही भाग लंडनला गेला, काही नागपुरात राहिला. तो बघायचा म्हणून मामाजी कित्येक वर्षांपासून घोकताहेत. आमच्या घरी उतरवलं असतं, पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि मामाजींचे दोन्ही गुडघे संपावर.

म्हणून ॲप उघडलं. नागपूर, म्युझियमजवळ, दोन माणसं. पहिलंच हॉटेल, 'म्युझियमपासून 400 मीटर'. नकाशा बघतो तर मोतीबाग! तिथे रेल्वेचं नॅरो गेज संग्रहालय आहे. छानच आहे ते, लहान पोरांना घेऊन जरूर जा. पण मामाजींना इंजिनं नाही, ताम्रपट बघायचेत. दुसरं हॉटेल गांधीसागरजवळ, त्यांच्या हिशेबी रमण विज्ञान केंद्र म्हणजेच म्युझियम. तिसरं थेट 'सिव्हिल लाइन्स' नावानं आलं. फोन करून विचारलं, नेमकं कुठे? तर मानकापूर. आता मानकापूरलाही सिव्हिल लाइन्स म्हणायचं असेल तर कोराडीचं वीज केंद्रही सदरमध्येच मोजा, काय फरक पडतो!

खरी गोष्ट अशी की अजब बंगल्याभोवती साध्या माणसाला परवडणारी हॉटेलं असायला जागाच कुठे आहे? विधानभवन, हायकोर्टाचं खंडपीठ, रिझर्व्ह बँक, आमदार निवास, रविभवन, साहेबांचे बंगले, त्यांची झाडं, त्यांच्या भिंती. सगळा सरकारी मुलूख. मधल्या दरातली हॉटेलं आहेत ती सीताबर्डीत, रामदासपेठेत, नाहीतर स्टेशनच्या पलीकडे सेंट्रल ॲव्हेन्यूवर. त्यात वाईट काही नाही. कस्तुरचंद पार्क, झिरो माईल अशी मेट्रोची स्टेशनं त्याच बाजूला आहेत, सीताबर्डीहून माणूस आरामात पोचतो. मग सरळ 'सीताबर्डी' लिहा ना! काऊन खोटं बोलता? सेंट्रल ॲव्हेन्यूवाले लिहितात 'स्टेशनपासून दोन मिनिटं'. तेही खरं, पण संत्रा मार्केटच्या बाजूनं उतरलात तर. अजब बंगला पडतो दुसऱ्या अंगाला, म्हणजे रोज रामझुला पूल ओलांडून या. आणि 'स्टेडियमजवळ' लिहिणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. क्रिकेटचं जुनं स्टेडियम सिव्हिल लाइन्सात, नवं पार जामठ्याला. कोणतं ते सांगत नाहीत, तुम्ही ओळखायचं.

बरं, फोटो बघून पाच-सहा नावं काढली आणि स्कूटर घेऊन स्वतः बघायला निघालो. फोटोतली खोली आणि प्रत्यक्षातली खोली यांचं नातं सांगायचं तर लग्नाच्या बायोडेटातला फोटो आणि मुलगा. फोटोत हॉल वाटेल एवढी जागा. आत पलंग, आणि पलंगाच्या कडेनं तिरकं होऊन चालायची पट्टी. खिडकी आहे, पडदाही आहे. पडदा सरकवला तर मागे भिंत! सिमेंटची, गिलावा केलेली भिंत. पोऱ्याला विचारलं, हे काय? तो म्हणे, "सर, शो के लिए है."

आता त्या काचेच्या बाथरूमबद्दल. हे कोणाच्या डोक्यातून निघालं, मला त्याला भेटायचंय. हल्ली या दराच्या कोणत्याही नव्या हॉटेलात जा, बाथरूम आणि खोलीच्या मध्ये भिंत नसते. काच असते. आरपार. पलंगावर बसलेल्याला कमोड दिसतो आणि कमोडवर बसलेल्याला टीव्ही. आतून एक प्लास्टिकची पट्ट्यापट्ट्यांची जाळी सोडलेली, तिची दोरी तुटलेली, अर्ध्या पट्ट्या वाकड्या. माझ्या डोळ्यांसमोर आत्या आली. चाळीस वर्षं संसार झाला तरी मामाजींसमोर पदर सारखा करणारी बाई. तिला मी या काचघरात ठेवू? मॅनेजरला म्हटलं, काचेवर कागद चिकटवून द्या. तर तो म्हणतो, प्रीमियम लुक जाईल. लुक! अरे, अंघोळ करायची आहे माणसाला, शोरूममध्ये उभं राहायचं नाही.

त्या प्रीमियम बाथरूममध्ये बादली नव्हती. मग नव्हता. वर एक ताटाएवढा शॉवर, त्यातून थेंब-थेंब गार पाणी, पायाखाली गुळगुळीत टाइल्स. भिंतीला धरायला कडी नाही, गुडघे गेलेल्या माणसाला बसायला स्टूल नाही. मी विचारलं, बादली-मग मिळेल का? रिसेप्शनवरची मुलगी अशी बघत राहिली, जशी काही मी घंगाळ आणि शिकेकाई मागितली. मग आतून कोणाला तरी विचारून आली आणि म्हणाली, हाउसकीपिंगची बादली आहे, फरशी पुसायची, ती देऊ शकतो.

पलंगावर मात्र तो चॉकलेटी रंगाचा आडवा पट्टा न चुकता होता. सगळ्या हॉटेलांत असतो. तो कशासाठी असतो, कोणाला माहीत असेल तर सांगा. बादलीच्या पैशात तो आणला असणार.

मग म्हटलं, चला, जे त्यातल्या त्यात बरं आहे ते बुक करून टाकू, वयस्कर माणसांना रिसेप्शनवर उभं नको राहायला. माझं आधार कार्ड दिलं. "सर, लोकल आयडी नहीं चलेगा." अहो, मी राहणार नाही, पैसे भरणार आहे. राहणारे डोंबिवलीचे, त्यांच्या आधारची कॉपी ही घ्या. नाही. सिस्टिम घेत नाही. म्हणजे आपल्याच गावात, आपल्याच माणसांसाठी, आपल्याच पैशानं खोली घ्यायला नागपूरचा माणूस चालत नाही. त्याच काउंटरवर 'अतिथी देवो भव'ची पितळी पाटी. यजमानाला मात्र दारातूनच रामराम.

वेळेचा घोळ वेगळाच. विदर्भ एक्सप्रेस सकाळी नागपुरात येते. रात्रभर गाडीत बसून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना काय हवं असतं? तोंड धुवायचं, चहा घ्यायचा, पाय पसरायचे. चेक-इन दुपारी दोनला! तोवर लॉबीतल्या सोफ्यावर बॅगा सांभाळत बसा, नाहीतर अर्ली चेक-इनचे पैसे वेगळे मोजा. आणि चेकआउट सकाळी अकराला. भाडं एका दिवसाचं, दिवस एकवीस तासांचा. जुन्या लॉजमध्ये एक गोष्ट तरी सरळ होती, आलात त्या वेळेपासून चोवीस तास. भिंतीवर पानाचे डाग होते, मान्य, पण घड्याळ खरं होतं.

त्यात हा डिसेंबर. 1953 च्या नागपूर करारापासून ठरलेलं आहे, दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात. होऊ द्या, आमचा हक्कच आहे तो. पण त्या दिवसांत मंत्र्यांमागे पीए, पीएंमागे कार्यकर्ते, कार्यकर्त्यांमागे कंत्राटदार आणि मोर्चे अशी वरात उतरली की बावीसशेची खोली पाच हजारांवर जाते. खोली तीच, काच तीच, गार पाणीही तेच. वर लग्नसराई. ज्याच्या बेसमेंटमध्ये 'बँक्वेट' आहे असं हॉटेल घ्याल तर रात्री पलंग आपोआप नाचेल. मॅनेजर छातीठोकपणे सांगतो, डीजे दहाला बंद होतो सर. शेजारच्या पानठेल्यावाल्याला विचारलं, तो नुसता हसला.

जीएसटीचंही सांगतो. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा कर सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 वर आला. बातमी वाचून मी खूश. चला, रात्रीमागे पावणेदोनशे-दोनशे वाचले. कसले वाचतात! इथे मला जो दर आधी सांगितला होता, त्यात मूळ भाडं तेवढंच वाढवलेलं, एकूण आकडा जिथल्या तिथे. विचारलं तर म्हणे, इनपुट क्रेडिट मिळत नाही ना सर, म्हणजे आम्ही खरेदीवर भरलेला कर वळता होत नाही. तुमचं क्रेडिट गेलं, आणि माझं डेबिट गेलं का?

आणि ते रिव्ह्यू! 'खूप छान अनुभव. फ्रंट डेस्कवरच्या अमुक दादांनी फार मदत केली.' पुढचा रिव्ह्यू, तेच दादा. त्याच्या पुढचा, पुन्हा तेच. मी तिथे उभा असताना बघितलं ना, चेकआउट करणाऱ्या बिचाऱ्या माणसाचा फोन हातात घेऊन तो दादाच पाच तारे दाबत होता. खिडकीमागे भिंत आहे, हे एकानंही लिहिलेलं नाही. लिहितात काय, तर 'ब्रेकफास्टमध्ये व्हरायटी'. व्हरायटी म्हणजे कोरडा उपमा, गार इडली आणि कॉर्नफ्लेक्स. नागपुरात! बाहेर चौकात ठेल्यावर तर्री पोहे वाफाळत असताना! तो 'कॉम्प्लिमेंटरी' नाश्ता काढून खोलीचं भाडं तेवढं कमी करा, आणि नाश्त्याचं आम्ही आमचं बघतो, राजेहो.

शेवटी सीताबर्डीत एक जुनं हॉटेल मिळालं. बाथरूमला विटांची भिंत, खिडकीतून खरोखरचा रस्ता दिसतो, लिफ्ट कुरकुरते पण वर जाते, आणि आयडीवरून कोणी तंडलं नाही. बादली? "मँगवा देंगे." ठीक. पैसे भरले. निघताना काउंटरवरच्या माणसानं मोठ्या उत्साहानं 'नागपूर दर्शन'चा कागद पुढे केला, गाडीसह, सिनियर सिटिझनना सूट. दीक्षाभूमी, टेकडीचा गणपती, फुटाळा, आणि अजब बंगला. वार बघितला. सोमवार.

म्हटलं, भाऊ, सोमवारी अजब बंगला बंद असतो.

"तो बाहर से देख लेंगे ना सर. बाहर से भी अच्छा दिखता है."