वशिल्याचं तट्टू आणि रविवारची रात्रपाळी

जळगावच्या अजिंठा चौफुलीवरची टपरी. विषय: प्लास्टिक चटईच्या कारखान्यात एक्स्ट्रूडरवर (दाणा वितळवून चटईची काडी काढणारं यंत्र) भरती झालेला, पण सायबाचा खास म्हणून कायम जनरल, म्हणजे दिवसाच्या पाळीत स्टोअरची वही धरून बसणारा माणूस.

"वशिल्याचं तट्टू आहे भो ते," बंटी तापला. "ना रात्रपाळी, ना जाळी बदलणं."

वितळलेला माल गाळणाऱ्या जाळीचं दुखणं खरंच. रिप्रोसेसचा, म्हणजे जुन्या प्लास्टिकचा दाणा असला की कचरा जाळीत अडकतो, प्रेशर चढतं, मोटर जास्त अँपिअर ओढते. वेळेत बदलली नाही तर जाळी फाटते, कचरा डायमध्ये (काडीला आकार देणाऱ्या साच्यात) जातो आणि काडी तुटत राहते. बदलायची म्हणजे स्क्रू थांबवा, प्रेशर उतरल्याची खात्री करा, मग दोनशे अंशांवर तापलेलं हेड, म्हणजे यंत्राचं तोंड उघडून चिकटलेला माल पितळी पट्टीनं खरवडा. लोखंडी पट्टी लावली की ओरखडे पडतात, ते काडीवर उमटतात. हौसेनं कोण करेल हे?

"राग हिशोबात मांड," नाना म्हणाले. "आठवड्याच्या पाळ्या २१. चौघांनी सहा-सहा केल्या तर २४. एखादा आजारी पडला तरी निभतं. एक काढला की १८. उरलेल्या तीन तिघांच्या डोक्यावर, म्हणजे प्रत्येकी ५६ तास आणि सुट्टी गेली. 'तो मजा मारतो' म्हणशील तर सायब म्हणेल, तुझं पोट दुखतं."

"आणि ४८ च्या वरचे आठ तास दुप्पट दरानं," आप्पांनी जोडलं. "त्याच दिवशी हजेरीत लिहून घ्यायचे. मालकाला पक्षपात दिसत नाही, दुप्पट पगार दिसतो."

"१९७१ च्या महाराष्ट्राच्या कामगार कायद्यात पक्षपात ही अनुचित प्रथा आहे ना? खेचा कोर्टात," बंटी म्हणाला.

"आहे, चौथ्या अनुसूचीत," आप्पा म्हणाले. " पण तिथं शब्द कामगारांच्या 'गटा'चा आहे; माणूस एकटा, वकील तिथंच बोट ठेवेल. तक्रारही ९० दिवसांत हवी. सहा महिने कुरकुरून गेलास तर आधी उशिराचं कारण द्यावं लागेल. त्यापेक्षा तक्रार निवारण समितीला लेखी दे. २० कामगार असले की ती असावीच लागते." (असते कागदावर, तो भाग वेगळा.)

"नाहीतर बोलणंच टाकू त्याच्याशी," बंटी म्हणाला.

"दाणा कोण देतो? तोच," नाना म्हणाले. " उशीर केला तर तोटा तुझ्या पाळीच्या नावावर. स्टोअर राहू दे त्याच्याकडे तीन दिवस, फक्त त्या उरलेल्या तीन पाळ्या त्याच्या नावानं लिहायला सांग."

बंटीनं कप ठेवला. "रविवारची रात्र पहिली लिहा मग."