'त्या काळी तसंच होतं' हे खरं नाही

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, त्या काळी तसंच होतं, आजचे निकष कशाला लावता?" मला हे मुळीच मान्य नाही. माझ्याकडे त्याला उत्तर आहे: सतराव्या शतकातली एलिझाबेथ की (Key) नावाची बाई.

अमेरिकेतलं व्हर्जिनिया तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. एलिझाबेथचे वडील गोरे इंग्रज, तिथल्या विधिमंडळाचे सदस्य. आई आफ्रिकन, गुलाम. वडिलांनी मुलीला नऊ वर्षांच्या बोलीवर एकाकडे चाकरीला ठेवलं होतं, त्यानंतर ती मोकळी व्हायची होती. ती झाली नाही. पुढचा मालक १६५५ मध्ये वारला तेव्हा त्याची मालमत्ता सांभाळणाऱ्यांनी तिला सरळ गुलामांत धरलं. ती कोर्टात गेली. इंग्रजी कायद्यात मुलाचा दर्जा बापावरून ठरतो, बाप स्वतंत्र होता, शिवाय माझा बाप्तिस्मा झालाय, मी ख्रिश्चन आहे, मग मी गुलाम कशी? निकाल उलटसुलट झाले, पण १६५६ मध्ये ती जिंकली!

म्हणजे 'त्या काळचा' कायदा तिच्या बाजूने होता. म्हणून तो बदलला गेला. १६६२ मध्ये व्हर्जिनियाने ठरवलं की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. इंग्रजापासून काळ्या बाईला झालेल्या मुलांबद्दल शंका निघाल्या आहेत, असं त्या कायद्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय. १६६७ मध्ये आणखी एक कायदा आला: बाप्तिस्म्याने गुलामी सुटत नाही. एलिझाबेथ ज्या दोन वाटांनी सुटली, त्या दोन्ही मागच्यांसाठी बंद.

याचा अर्थ नीट पाहा. मालकाने गुलाम बाईवर बलात्कार केला आणि मूल झालं, तर ते मूल त्याचा वारस नाही, त्याची मालमत्ता. पोटगी नाही, बदनामीची फारशी भीती नाही, वर फुकटात एक गुलाम वाढला. आणि १६९१ च्या कायद्याने काळ्या पुरुषापासून मूल झालेल्या स्वतंत्र गोऱ्या बाईला १५ पौंड दंड लावला. तो भरता आला नाही तर पाच वर्षं वेठीची चाकरी, आणि मूल तिशीपर्यंत बांधील. गोरी असो वा काळी, बाईची कूस कायद्याच्या ताब्यात. पण दोघींचं दुःख सारखंच होतं, असं मी म्हणणार नाही. गोऱ्या मालकिणीही गुलाम बाळगत, वारशात घेत.

थॉमस जेफरसन म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला व्हर्जिनियाचा जमीनदार. त्याची बायको मार्था हिला वडिलांकडून वारशात जे गुलाम मिळाले, त्यांत सॅली हेमिंग्ज होती, तिची स्वतःची सावत्र बहीण. बाप एकच! मार्थाच्या मृत्यूनंतर याच सॅलीला जेफरसनपासून मुलं झाली. 'सर्व माणसं समान' लिहिणाऱ्या या माणसाने १८२० मध्ये पत्रात नोंदवलंय की दर दोन वर्षांनी मूल देणारी बाई शेतावरच्या उत्तम पुरुषापेक्षा जास्त फायद्याची.

जेफरसन आणि सॅलीची कुणी प्रेमकथा करून सांगतं तेव्हा मला संताप येतो. जेफरसन अमेरिकेचा राजदूत म्हणून पॅरिसमध्ये असताना हे सुरू झालं, तेव्हा ती कोवळ्या वयाची मुलगी होती आणि तो चाळिशी ओलांडलेला. व्हर्जिनियात तिला नाही म्हणण्याचा अधिकार कुठल्याच कायद्याने दिलेला नव्हता. मग तिच्या होकाराबद्दल आपण कुठल्या तोंडाने बोलतो?