फेशियलच्या कूपनावर ऑड्री लॉर्ड

आज ऑफिसच्या बायकांच्या ग्रुपवर एका पार्लरचं कूपन आलं. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवलेली बाई, आणि वर अमेरिकन कवी ऑड्री लॉर्डचं वाक्य: स्वतःची काळजी घेणं ही चैन नव्हे, तो तगून राहण्याचा मार्ग आहे. खाली फेशियलवर सूट. सकाळपासून डोकं फिरलंय.

हे वाक्य तिच्या 'अ बर्स्ट ऑफ लाइट' या पुस्तकातलं, १९८८ सालचं. लिहिणारीच्या यकृतात तेव्हा कॅन्सर पसरला होता. वाक्य पुढेही आहे. ही काळजी म्हणजे राजकीय युद्ध आहे, असं ती म्हणते. तेवढंच बरोबर कापलंय. युद्धावर सूट कोण देणार?

न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली, आईबाप कॅरिबियन बेटांवरून आलेले, काही वर्षं लायब्ररियन, दोन मुलांची आई. काळी, लेस्बियन, आई, योद्धा, कवी अशी ओळख ती स्वतःच करून द्यायची. सगळं एकदम, कारण यातलं सोयीचं तेवढं उचलणारे तिने भरपूर पाहिले होते. गोऱ्या स्त्रीवाद्यांना तिचं काळेपण अडचणीचं वाटे, काळ्या चळवळीतल्या कित्येकांना तिचं बाईवर प्रेम करणं.

१९७८मध्ये तिचा उजवा स्तन काढला. हॉस्पिटलात एक भली बाई तिच्यासाठी लोकरीचं पॅड घेऊन आली, फिकट गुलाबी. काळ्या बाईला गुलाबी स्तन! ऑड्री टाके काढायला गेली ती पॅड न लावताच. तर नर्स म्हणते, निदान इथे येताना तरी लावत जा, बाकीच्यांचं मनोधैर्य खचतं.

माझ्या मावशीला हेच सांगितलं होतं, फक्त मराठीत. ऑपरेशननंतर घरात लग्न होतं. "ब्लाउजमध्ये रुमालाच्या घड्या घाल गं, फोटोत बरं दिसेल." मावशीने घातल्या. मे महिना, हॉलमध्ये पंखे नावाला, घामाने घड्या सरकून पोटावर आल्या. पंगतीत वाढताना एका हातात मठ्ठ्याचा जग, दुसऱ्या हाताने पदर दाबून धरलेला. फोटो छान आले म्हणे.

मान्य, फेशियल करणं गुन्हा नाही. मीही करते. ज्यांना पॅड लावून बरं वाटतं त्यांनी जरूर लावावं. पण ऑड्रीने 'द कॅन्सर जर्नल्स' या पुस्तकात विचारलंय, डोळ्यावर पट्टी बांधून फिरणाऱ्या इस्रायली सेनानी मोशे दायानला कुणी काचेचा डोळा बसव म्हणतं का? तो लढवय्या. आणि मावशी? तिने फोटो बिघडवायचा नाही. एक स्तन असलेल्या बायकांची फौज अमेरिकन संसदेवर चालून गेली तर काय होईल, असंही ऑड्रीने विचारलंय. मावशी त्या फौजेत नक्की गेली असती, जगबिग ठेवून. का कोण जाणे, हे लिहिताना राग जरा उतरला.

पुन्हा चढला, कारण आणखी एक आठवलं. खरोखर आनंदी माणसाला कॅन्सर होत नाही, असं एका डॉक्टरने लिहिलेलं ऑड्रीच्या वाचनात आलं होतं, आणि ती खवळली होती. मावशीला आमच्याकडच्या बायका भेटायला येऊन हेच ऐकवून गेल्या: "तू सगळं मनात धरून ठेवतेस ना, म्हणून झालं." चहा मावशीच करत होती.

तेव्हा मैत्रिणींनो, कमेंटमध्ये "ताई, पॉझिटिव्ह राहायला हवं" लिहिणार असाल तर राहू द्या. आज मी थेट ब्लॉक करतेय.