मेणाचा पेला आणि उकळतं पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही लिहिता, "तुमचं वाचून सासूबाईंच्या सेटमधला पेला फ्रीजरमध्ये ठेवला. मेण अर्धंच निघालं, म्हणून वरून उकळतं पाणी ओतलं, तर टचकन तडा गेला. असले उपाय सांगता कशाला?"

काचेत जळून उरलेलं मेणबत्तीचं मेण काढायचा, माझ्या आधीच्या लेखातला फ्रीजरचा उपाय जाड बरणीसाठी होता, पातळ पेल्यासाठी नव्हे, हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं. चूक माझी. लेखात आता दुरुस्ती केली आहे.

उकळतं पाणी मात्र मी कधीच सुचवणार नाही. साध्या काचेतून उष्णता सावकाश सरकते. आतली बाजू एकदम प्रसरण पावते, बाहेरची थंडच राहते, आणि त्या ताणाने काच तडकते. तुमचा पेला तर थेट फ्रीजरमधून आलेला. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती असले धक्के सोसते. घरच्या पेल्यांचं तसं नसतं.

शिवाय एवढ्या गरम पाण्याची गरजही नाही. मेणबत्तीचं मेण साधारण ५० ते ६५ अंशांत वितळतं. मी पातेल्याच्या तळाशी जुना टॉवेल अंथरते, पेला त्यावर आडवा ठेवते आणि तो बुडेल एवढं कोमट पाणी घालते. मग दर पाच मिनिटांनी थोडं गरम पाणी, पातेल्याच्या कडेने. मे महिन्यात आपल्या नागपुरात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणीच सुरुवातीला पुरतं. डिसेंबरात मांडणीवरचा पेलाही गारठलेला असतो, तेव्हा आणखी सावकाश. थोड्या वेळाने मेणाची चकती तळापासून सुटते आणि वातीच्या पत्र्यासकट बाहेर घरंगळते. वितळलेलं मेण दुधावरच्या सायीसारखं वर धरतं. पाणी गार झालं की ते उचलून कचऱ्यात टाका. मोरीत गेलं तर पाइपात थिजून बसतं.

उरलेल्या तेलकट थरावर खायच्या तेलाचा थेंब मऊ फडक्याने चोळा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. सोनेरी कडेवर सुरी नको, नखही नको. रॉकेलने मेण विरघळतं खरं, पण पिण्याच्या पेल्याला ते मी लावणार नाही.

तडा गेलेला पेला चिकटवून वापरू नका. सेटमधल्या बाकीच्या पेल्यांत मेण असेल, तर आधी काचेवर ओरखडे आहेत का ते उजेडात धरून बघा. ओरखड्यापासूनच तडा सुरू होतो. असा पेला कोमट पाण्यापलीकडे नेऊ नका, वेळ लागला तरी चालेल.