गुच्छीची पारख चांदीच्या चमच्याने होत नाही

हिमाचल-काश्मीरच्या सहलींचा हंगाम आला की गुच्छी या खाण्याच्या रानअळंबीबद्दलचा एक संदेश पुन्हा फिरू लागतो: ‘गुच्छीसारखी दिसणारी विषारी अळंबी नसतेच, शंका आलीच तर शिजवताना चांदीचा चमचा घाला, काळा पडला नाही तर खुशाल खा, आणि विष असले तरी शिजल्यावर ते उरत नाही.’ यातले एकही विधान खरे नाही.

गुच्छीचे तोतये आहेत. बर्फ वितळल्यावर मार्च ते मे या काळात देवदाराच्या जंगलात गुच्छी उगवते, आणि सूचिपर्णी झाडांखाली वसंतातच उगवणारी जायरोमित्रा ही विषारी अळंबी नवख्याला तशीच वाटते. गुच्छीच्या टोपीवर मधाच्या पोळ्यासारखे खळगे असतात, तर जायरोमित्राच्या टोपीवर मेंदूसारख्या वळ्या. वाळून सुरकुतल्यावर हा फरक पुसट होतो, म्हणून अळंबी ताजी असतानाच टोकापासून बुडापर्यंत उभी चिरून पाहावी. गुच्छी आतून सलग पोकळ निघते आणि बहुतेक जातींत टोपीची खालची कड देठाला जुळलेली असते. जायरोमित्रात वेडेवाकडे कप्पे दिसतात. व्हर्पा या तिसऱ्या अळंबीची टोपी फक्त देठाच्या टोकाला चिकटलेली असून खाली झग्यासारखी मोकळी लोंबते, आणि देठात कापसासारखा गर असतो. कोकणात वारुळावरची अळंबी अचूक ओळखणाऱ्या जाणत्या माणसालाही हे नव्यानेच शिकावे लागेल, कारण ही ओळख त्या त्या जातीपुरतीच असते.

चांदी काळवंडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. उकडलेले अंडे खाल्लेला चमचाही काळा पडतो. अमानिटा फॅलॉइड्स या जीवघेण्या अळंबीच्या रश्श्यात तो लख्ख राहू शकतो.

शिजवण्याबद्दलचा गैरसमज सर्वांत घातक आहे. अमानिटाचे विष उकळल्याने नष्ट होत नाही. जायरोमित्राच्या विषापासून मोनोमिथाइलहायड्राझिन तयार होते. उकळताना त्याचा काही अंश उडून जातो, पण काही उरतो, आणि ती वाफही विषारीच असते. खरी गुच्छीसुद्धा कच्ची खाऊ नये: 2023 साली अमेरिकेतील माँटाना राज्यात बोझमन येथे एका उपाहारगृहातील कच्च्या आणि अर्धकच्च्या गुच्छ्यांशी संबंध जुळलेल्या घटनेत 51 जण आजारी पडले आणि दोघे दगावले.

अमानिटा पोटात गेल्यास उलट्या बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतात, नंतर बरे वाटू लागते, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असते. त्यामुळे उलट्या थांबल्या म्हणून घरी थांबू नये. उरलेली अळंबी सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.